ड्रॉइंगच्या फाइलमधले घड्याळ आणि आमचे बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका बांधकाम व्यावसायिकांचे पत्र वाचले. ड्रॉइंग करून देणारे लोक मनाला येतील तेवढे तास लावतात. पण ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्येच कामाचा एकूण वेळ आपोआप नोंदलेला असतो, आता आम्ही तो उघडून पाहतो आणि तेवढ्याच तासांचे पैसे देतो, इतरांनीही तसेच करावे, असा त्या पत्राचा मथितार्थ. पत्र छापून आले त्या दिवशी माझा फोन खाली ठेवायला मिळाला नाही. कोल्हापुरात आरसीसीची ड्रॉइंग करणारी आम्ही मंडळी काही फार नाही. त्यातल्या निम्म्यांना वाटले पत्र आपल्यालाच उद्देशून आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ते कोणी लिहिले असेल याचा अंदाज होता. मला दोन्हींत रस नाही. ते घड्याळ नेमके काय मोजते, हे मात्र कोणीतरी सांगायला हवे, नाहीतर उद्या सगळेच ग्राहक फाइल उघडून आकडा दाखवू लागतील.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन सिव्हिल. दोन वर्षांचा कोर्स, लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेने. ट्रेसिंगवर चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची आणि त्या जागी पुन्हा मारलेली रेघ फुटू नये म्हणून नखाने कागद घासून गुळगुळीत करायचा, ही विद्या आता कोणाला शिकवावी असा प्रश्न आहे. ऑटोकॅड शिकले ते आर-१४ या आवृत्तीवर, म्हणजे १९९७ नंतर. सध्या राजारामपुरीत छोटे ऑफिस आहे, दोन मुली कामाला आहेत. स्ट्रक्चरल कन्सल्टंट हिशेब करून देतात: कुठल्या बीमला किती सळई, रिंगा किती अंतरावर, कॉलमचा आकार किती. आम्ही त्याची साइटवर वाचता येतील अशी शीट्स तयार करतो. सेंटर लाइन, फुटिंग (कॉलमचा पाया), कॉलम शेड्यूल, प्रत्येक स्लॅबचा बीम प्लॅन, जिना, टाकी आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात कंटाळवाणे, बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता. इंजिनिअरचे नाव शीटवर असते, आर्किटेक्टचे असते, बिल्डरचे तर मोठ्या अक्षरात असते. ड्रॉन बाय या रकान्यात आमची दोन अक्षरी सही असते, तीही जागा उरली तर.

आता घड्याळाकडे येते. ऑटोकॅडमध्ये 'टाइम' असे टाइप करून एंटर दाबले की एक छोटी यादी समोर येते. फाइल कधी तयार झाली, शेवटची कधी सेव्ह झाली, 'टोटल एडिटिंग टाइम' किती, एक चालू-बंद करता येणारा टाइमर आणि पुढचा ऑटो-सेव्ह किती वेळाने होणार. सगळा वाद 'टोटल एडिटिंग टाइम'च्या ओळीचा आहे. हा आकडा काम करणाऱ्याला बदलता येत नाही, थांबवता येत नाही, शून्यावर नेता येत नाही. म्हणूनच पत्रलेखक महाशयांना तो देवाघरचा न्याय वाटला असावा. वर्डच्या फाइलमध्येही अशीच नोंद असते, पण कोणी वकिलाच्या टायपिस्टला त्यावरून पैसे दिल्याचे मी ऐकलेले नाही.

ही ओळ एकच गोष्ट मोजते: फाइल किती वेळ उघडी होती. फाइल उघडी ठेवून मुली डबा खायला बसल्या तरी ते घड्याळ चालू. मी बँकेत जाऊन आले तरी चालू. बरे, एका वेळी चार फाइली उघड्या असल्या तर चारींची घड्याळे आपापली चालतात. आणि आमच्या कामात चार फाइली उघड्या असतातच: आर्किटेक्टचा प्लॅन, खालचा स्लॅब, वरचा स्लॅब, कॉलम शेड्यूल. त्याशिवाय खालचा कॉलम वर त्याच जागी निघतो की नाही हे कळणार कसे? संध्याकाळी या चारींची बेरीज केली तर आठ तासांच्या ऑफिसात बत्तीस तासांचे काम झाल्याचे दिसेल. त्या हिशेबाने बिले लावली असती तर आज माझा ताराबाई पार्कात बंगला असता.

हा झाला जास्तीचा भाग. पण घड्याळ कमीही दाखवते, आणि आमचे नुकसान तिथे आहे. फाइल सेव्ह न करता बंद केली की त्या बैठकीचा वेळ एकूण वेळेत धरलाच जात नाही. जिन्याचे उदाहरण घ्या. मिडलँडिंगखालून डोके लागते आहे असा साइटवरून फोन येतो. मग पायऱ्यांची उंची कमी करून पाहा, एक पायरी वाढवून पाहा, लँडिंगचा बीम उलटा करून वर घेऊन पाहा. सकाळ त्यात जाते. शेवटी कन्सल्टंट म्हणतात, राहू दे, आधीचेच बरे होते, दार सरकवायला सांगतो. फाइल सेव्ह न करता बंद. ऑटोकॅडच्या लेखी आज सकाळी काहीही घडलेले नाही. लाइट गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही तरी तेच.

याहून गमतीची गोष्ट वंशावळीची. कोरी फाइल उघडून कोणीही ड्रॉइंग सुरू करत नाही. जुन्या कामाची फाइल घ्यायची, 'सेव्ह अ‍ॅज' करून नवे नाव द्यायचे, नको ते पुसायचे. त्यामुळे टायटल ब्लॉक (शीटच्या कोपऱ्यातला नावांचा चौकोन), लेअर, अक्षरांची मापे, नेहमीच्या नोट्स सगळे तयार मिळते. पण त्या फाइलबरोबर तिच्या बापजाद्यांचा वेळही येतो. आज सकाळी सुरू केलेल्या बंगल्याच्या फाइलमध्ये दोनशे-अडीचशे तास आधीच जमा असतात, कारण ती कधीकाळच्या एका अपार्टमेंटच्या फाइलची नात असते. याउलट, काम झाल्यावर फाइल हलकी करायची म्हणून आम्ही 'डब्ल्यू-ब्लॉक' करतो, म्हणजे लागते तेवढे ड्रॉइंग उचलून नव्या फाइलमध्ये टाकतो. आतला कचरा मागे राहतो आणि ईमेलने पाठवायला फाइल सुटसुटीत होते. तिचे घड्याळ मात्र शून्यापासून सुरू होते. गेल्या रविवारच्या पत्रात बिल तीस तासांचे आणि फाइलमध्ये दोन तास, असा जो दाखला दिला आहे, ती फाइल मी पाहिलेली नाही आणि ते बिल खरे की खोटे हेही मी सांगू शकत नाही. पण कोणी स्वच्छ करून पाठवलेली फाइल उघडली असेल तर तिच्यात दोनच तास दिसणार. कदाचित दोन मिनिटेही.

आणखी एक. ही ओळ दिवस आणि तास अशी येते, त्यातला दिवस चोवीस तासांचा, ऑफिसचा नव्हे. 'तीन दिवस' दिसले म्हणून तिनाआठे चोवीस तास धरणारे एक ग्राहक मला भेटले आहेत. तिथे बहात्तर तास लिहिलेले होते. हाच आकडा ऑटोकॅड आत जिथे साठवते तिथे तो दशांशात असतो. तिथे २.२५ दिसले तर ते सव्वादोन तास नव्हेत, ते सव्वादोन दिवस, म्हणजे चोपन्न तास. त्या ग्राहकांना मी सुधारले, तेव्हा ते म्हणाले, मग तर तुमचे बिल आणखीच कमी आहे, बरे झाले. माणूस मोकळा होता.

आता लबाडी होत नाही असे मी म्हणणार नाही. होते. आठ शीट्सचे काम असते आणि त्यातली पाच एकसारखी असतात. टिपिकल मजला एकदा काढला की वरचे मजले नाव बदलून निघतात, तरी पाचही शीट्सचे पूर्ण पैसे लावणारे लोक आहेत. पत्रलेखकांचा संशय हवेतून आलेला नाही. फक्त त्यांनी साक्षीदार चुकीचा निवडला.

मुळात आमच्या धंद्यात तास हा प्रश्न येतोच का, हे इतर वाचकांना सांगायला हवे. पहिल्या ड्रॉइंगचा तासांशी संबंध नसतो. ते शीटवर किंवा बांधकामाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि त्यात कोणाची तक्रार नसते, माझीही नाही. तास येतात ते बदलांमुळे. करारात, म्हणजे बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर, एक वाक्य असते: 'फायनल होईपर्यंत सगळे त्यात आले.' फायनल कधी होते? इमारतीत माणसे राहायला जातात तेव्हा. तोपर्यंत बदल सुरूच असतात.

एक साधा बदल सांगते. पार्किंग आणि वर पाच मजले अशी इमारत. राज्याची एकत्रित विकास नियमावली, जिला आपण सगळे यूडीसीपीआर म्हणतो, तिच्यात चारचाकीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर धरलेली आहे. प्लॅन मंजुरीला जाताना लक्षात येते की दोन कॉलमच्या मध्ये एक गाडी बसत नाही, थोडक्यात हुकते आहे. आर्किटेक्ट फोन करतात: तो कोपऱ्यातला कॉलम सहा इंच सरकवा, किरकोळ आहे. त्यांच्या प्लॅनवर ते खरोखरच किरकोळ असते. एक चौकोन उचलला, बाजूला ठेवला.

आमच्याकडे काय होते पाहा. सेंटर लाइनचे शीट बदलले, कारण साइटवर दोरी आणि चुना त्यावरूनच पडतो. फुटिंग सरकले आणि शेजारच्या फुटिंगवर चढले, म्हणून कन्सल्टंटनी दोन्ही मिळून एकच कंबाइंड फुटिंग दिले, म्हणजे तिथले डिटेल नव्याने. प्लिंथ बीम एका बाजूला लांबला, दुसऱ्या बाजूला आखूड झाला. वरच्या प्रत्येक स्लॅबला तीच कथा. बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, बदलला की सपोर्टवरच्या जादा सळयांची लांबी बदलते, कारण ती गाळ्याच्या प्रमाणात असते. रिंगांचे अंतर टोकांना जवळजवळ आणि मध्ये विरळ असते, ती हद्दही सरकते. मग शेवटी बार बेंडिंग शेड्यूल: प्रत्येक सळईची कापायची लांबी, वाक, नग आणि वजन. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे दर मीटरचे किलो, हे सूत्र साइटवरच्या फिटरलाही पाठ असते. १२ एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो. सूत्र सोपे आहे, पण ते शेकडो ओळींना लावायचे असते, आणि एका ओळीत चूक राहिली तर सळई आधीच कापलेली असते. कापलेले लोखंड जोडून परत मिळत नाही, ते भंगारात जाते.

हे सगळे झाल्यावर नवे शीट 'आर-२', म्हणजे दुसरी रिव्हिजन, म्हणून जाते. ग्राहकाला दिसतो तो सहा इंचांनी सरकलेला एक चौकोन. तो विचारतो, याला दोन दिवस? ऑटोकॅडमध्ये तर एका क्लिकमध्ये होते ना?

शिवाय यातला बराच भाग फाइलमध्ये होतच नाही. माझ्या ऑफिसात कोणतेही शीट मोठ्या कागदावर प्रिंट काढून, लाल पेनने एकेक सळई टिक केल्याशिवाय बाहेर जात नाही. पडद्यावर तपासलेले आणि कागदावर तपासलेले यात फरक पडतो, हे ज्याने दोन्ही केले आहे त्याला पटवावे लागत नाही. रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशात आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेला दाखवला आहे की नाही, हे मी आजही कागदावर पाहते. भूकंपरोधक डिटेलिंगच्या आयएस १३९२० या भारतीय मानकात तो तसाच लागतो, आणि कोयनेचा १९६७ चा हादरा आमच्या घरातल्या थोरांनी अंगावर घेतलेला आहे, त्यामुळे या एका बाबतीत मी मुलींच्या मागे लागते. त्या मला कंटाळतात. असो. सांगायचे ते हे की लाल पेन चालते तेव्हा ऑटोकॅड एक तर बंद असते किंवा नुसते उघडे असते. कन्सल्टंटचे कॅल्क्युलेशन वाचताना, साइट इंजिनिअरला फोनवर कुठली सळई कुठल्या बीमवरून जाते हे समजावताना, घड्याळ जे काही दाखवेल त्याला अर्थ नसतो.

यावर काही लोक म्हणतील, मग चांगले सॉफ्टवेअर लावा. तेही आहेत. फाइलचे घड्याळ बिचारे भोळे, ही नवी सॉफ्टवेअर हुशार. किती वेळा माऊस हलला, किती कळा दाबल्या हे मोजतात, काही मिनिटे हालचाल झाली नाही तर घड्याळ थांबवतात, अधूनमधून पडद्याचे फोटो काढून मालकाला पाठवतात. माझ्या नात्यातली एक सून घरून परदेशातल्या कंपनीसाठी स्टील स्ट्रक्चरची ड्रॉइंग करते. तिला असेच सॉफ्टवेअर लावलेले आहे. हिशेब समजून घेण्यासाठी ती कागदावर स्केच काढू लागली की तिकडे 'निष्क्रिय' अशी नोंद होते. म्हणून ती आता डाव्या हाताने माऊस हलवत उजव्या हाताने स्केच काढते. बाजारात माऊस आपोआप हलवणारी यंत्रेही विकत मिळतात, ज्यांना जिगलर म्हणतात. २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनावर माणसे कामावरून काढली, ती बातमी आपल्याकडेही आली होती. ज्या कामात विचार करताना हात स्थिर ठेवावा लागतो, तिथे हाताची हालचाल मोजली की माणसे विचार सोडून हात हलवायला शिकतात. ड्राफ्टिंग हे अशाच कामांपैकी आहे.

शिरोली-उद्यमनगरच्या फाउंड्रीवाल्यांना एक जुनी हकिकत माहीत नसेल तर सांगते, कारण ती मोल्डरांची आहे. अमेरिकेत वॉटरटाउन इथे सरकारी शस्त्रनिर्मितीचा कारखाना होता. १९११ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या फाउंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्या एका मोल्डरच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला, तेव्हा मोल्डर काम टाकून बाहेर पडले. ज्याच्या नावाने वेळमोजणीचे ते शास्त्र ओळखले जाते, त्या फ्रेडरिक टेलरला संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली आणि १९१५ मध्ये अशा सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर निर्बंध आले. साच्यात वाळू किती वेळ ठोकली हे मोजता येते, नीट ठोकली की नाही ते ओतकाम झाल्यावर कळते, हे त्या मोल्डरांना ठाऊक होते. आमच्या ड्रॉइंगचे ओतकाम साइटवर होते.

एवढे सगळे लिहूनही माझे म्हणणे तास मोजू नयेत असे नाही. उलट तास मोजले नाहीत तर आमचेच मरण आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये खासगी आस्थापनांत दिवसाचे तास ९ वरून १० करण्याला मान्यता दिली, त्यावर आपल्याच पानावर बरीच पत्रे आली. दोन-तीन जणांच्या आमच्या ऑफिसांना तो कायदा आधीही फारसा लागू नव्हता. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याची बहुतेक कलमे तेव्हा दहा किंवा अधिक माणसे असतील तिथलीच होती. आमच्याकडे जादा तासाला दुप्पट दर द्यायला कोणी बांधलेले नाही. आर्किटेक्टसाठी त्यांच्या परिषदेने फीचे मापदंड ठरवलेले आहेत, आमच्यासाठी तेही नाहीत. मग आमच्या वेळेची नोंद आम्ही ठेवायची नाही तर कोणी?

पण ती फाइलने ठेवायची नाही आणि पडद्याचे फोटो काढणाऱ्यानेही नाही. ती काम करणाऱ्याने ठेवायची, आणि तिच्यात एक गोष्ट अशी लिहायची जी कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाही: बदल कोणासाठी झाला.

याची जागा शीटवर आधीपासून आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉकच्या वर रिव्हिजनचा तक्ता असतो. आर-१, आर-२, तारीख, काय बदलले, सही. बोर्डाच्या काळात आम्ही तो इमानेइतबारे भरायचो, कारण ट्रेसिंगवर खरवडलेली जागा लपत नसे. ती पाहणाऱ्याला दिसायचीच, मग तक्त्यात लिहून मोकळे व्हायचे. संगणकावर पुसलेल्या रेघेचा मागमूस राहत नाही, त्यामुळे तक्त्यात आता 'अ‍ॅज पर डिस्कशन' अशी एक ओळ टाकून सगळे हात झटकतात. कोणाचे डिस्कशन, कोणाशी, काही पत्ता नाही.

मी माझ्या शीटवर त्या तक्त्याला दोन रकाने जोडले आहेत. एक 'कोणाच्या सांगण्यावरून' आणि एक 'लागलेला वेळ'. पहिल्यात आर्किटेक्ट, ग्राहक, कन्सल्टंट, साइट, महापालिका किंवा आमचे ऑफिस यांपैकी एकच लिहायचे, दोन नावे चालणार नाहीत. दुसऱ्यात अर्ध्या तासाच्या पटीत वेळ. मिनिटे लिहीत नाही, कारण मिनिटे लिहिली की माणूस खोटे लिहितो. मुली दिवसअखेर एका साध्या वहीत त्या दिवसाची नोंद करतात आणि शीट बाहेर जाताना मी ती पाहून तक्त्यात उतरवते. कागदावर तपासायला लागलेला वेळ त्यात धरतो, फोनचाही. 'आमचे ऑफिस' असे लिहिलेल्या ओळीचे पैसे लावत नाही. बाकीच्या प्रत्येक बदलाला ठरलेल्या दराने तासाचे पैसे. दर इथे लिहीत नाही, बाजार आहे, उद्या कोणी एक रुपया कमी करून माझ्यापुढे उभा राहील.

सुरुवातीला याला विरोध झाला तो बिल्डरांकडून नव्हे. आर्किटेक्टना आवडले नाही. आपले नाव शीटवर सहा वेळा आलेले कोणाला आवडेल? एकाने मला सरळ सांगितले की हे पान ग्राहकासमोर गेले तर माझी अडचण होते. मी म्हटले, सर, बदल कमी करा, ओळी कमी होतील. पुढे त्यांच्याकडून प्लॅन येताना पार्किंगचे गणित आधी झालेले असू लागले. हा फायदा मी ठरवून केलेला नाही, पण झाला खरा.

ग्राहकांनाही त्यातून एक गोष्ट दिसली जी आधी दिसत नव्हती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकडच्या बाजूला पूररेषेमुळे जोते वर घ्यायला सांगितलेली कामे आली. जोते वर गेले की जिना बदलतो, रॅम्प बदलतो, खालच्या कॉलमची उंची बदलते. अशा एका कामात ग्राहक आमच्याशी भांडायला आले, की एवढे बदल कसे? तक्ता पुढे ठेवला. त्यात महापालिकेच्या नावावर एकच ओळ होती आणि ग्राहकाच्या स्वतःच्या नावावर बऱ्याच. तिसऱ्या मजल्यावरचे देवघर पूर्वेला, मग ईशान्येला, मग पुन्हा पूर्वेला. त्यांनी पत्नीकडे पाहिले आणि बिल दिले.

पत्रलेखक महाशयांना माझे सांगणे आहे की फाइल उघडून आकडा पाहण्यापेक्षा ज्याच्याकडून काम करून घेता त्याच्याकडे हा तक्ता मागा. तो भरायला नकार देत असेल तर त्याचे बिल संशयाने पाहायला माझी हरकत नाही. भरत असेल तर त्यातली एखादी ओळ खोटी वाटल्यास त्या ओळीपुरते भांडा, 'हा कॉलम मी सरकवायला सांगितला नव्हता' असे म्हणा. ते भांडण मिटते, कारण कोणी सांगितले याचा मेसेज कुठल्यातरी फोनमध्ये सापडतोच. 'फाइलमध्ये दोनच तास आहेत' हे भांडण मिटत नाही, त्याचे उत्तर देण्यासाठी मला एवढे लांबलचक पत्र लिहावे लागले.

पत्र जागेअभावी कापावे लागले तर ऑटोकॅडची माहिती थोडी कापा, रकान्यांची गोष्ट ठेवा. तक्त्याचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांना पाठवीन. शीटमध्ये सरळ चिकटवता येईल असा ब्लॉक करून ठेवला आहे. माझा पत्ता आपल्याकडे आहे. नाव मात्र छापू नये ही विनंती, ज्यांच्याकडून कामे येतात ते सगळे आपले दैनिक वाचतात.

आपली एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर